सोमवारचं जंगल बुक

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना घाईत जे सुटलं ते लिहिताना घातलं आहे.)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि वर एक सूचना: ‘काहीही बोल, पण कॉम्प्युटरवर नको.’ मागच्या मेळाव्यात मी कॉम्प्युटरवर बोलले होते, तेव्हा निम्मी मंडळी मठ्ठा संपायच्या आत जेवणाकडे गेली होती. मला ते दिसलं होतं. म्हणून आज मी कार्टूनवर बोलणार आहे.

जंगल बुक. नाव घेतल्याबरोबर मागच्या रांगेतून कुणीतरी गुणगुणायला सुरुवात केलीच. गाणं नंतर म्हणा. त्यातला चड्डी हा शब्द दूरदर्शनवर चालतो, मग निबंधात का चालत नाही, असं आपल्यातल्या एकाने आठवीत मराठीच्या बाईंना विचारलं होतं आणि तास संपेपर्यंत तो उभा होता. बाई, तो आज आला आहे. तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आता त्याच्याच मुलाला मराठीत ट्यूशन लावलीय.

१९९३ साल. आपण आठवीत होतो. आत्ता आठवलं तर त्या वर्षाच्या दोनच गोष्टी मला ठळक दिसतात. एक किल्लारीचा भूकंप. त्यासाठी आपण घरोघर जाऊन कपडे, धान्य गोळा केलं आणि आपल्या मधल्या वर्गात त्याचा ढीग लागला होता. आणि दुसरी म्हणजे रविवार सकाळ. रविवारी सकाळी आपल्या गावात ज्यांच्या घरावर अँटेना होती त्यांच्या ओसरीवर चपलांचा ढीग असायचा. न्हाणं राहायचं, पाणी भरायचं राहायचं, आईचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत यायचा, पण मोगली संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. बऱ्याच जणांकडे ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, शटरवाला. त्यामुळे मोगलीच्या त्या चड्डीचा रंग कोणता यावर सोमवारी भांडणं. ज्याच्याकडे रंगीत टीव्ही त्याचं खरं. असा वर्गात एकच होता आणि तो त्या वर्षी मॉनिटर झाला. योगायोग असेल.

मोगलीकडे एक बूमरँग होतं, आठवतं? फेकलं की परत यायचं. आपल्या शाळेतल्या मुलांनी फळकुटं कापून, खोक्याचे पुठ्ठे कापून, एकाने तर चुलत्याच्या रंधा मारलेल्या सागवानी पट्टीची वाट लावून बूमरँग बनवली. एकही परत आलं नाही. सगळी शाळेच्या कौलांवर गेली. पुढे कौलं काढून स्लॅब टाकला तेव्हा शिपाईमामांनी पोतंभर लाकडं खाली काढली म्हणे. पुरातत्त्व खात्याला द्यायला हवी होती.

आता मी एक गोष्ट सांगते, जी तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. मी तेव्हा जंगल बुक पाहिलेलं नाही. एकही भाग नाही.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. परवडत नव्हता म्हणून नव्हे, वडिलांना नको होता म्हणून. दहावी होईपर्यंत टीव्ही घरात येणार नाही, असं त्यांनी मोठ्या भावाच्या पाचवीत जाहीर केलं आणि माझी दहावी होईपर्यंत ते पाळलं. शेजारच्यांकडे जाऊन बघायलाही बंदी. लोकांच्या दारात चपला काढायच्या नाहीत, हे त्यांचं वाक्य. म्हणजे रविवारी सकाळी सगळं गाव मोगलीच्या मागे धावत असताना मी शिष्यवृत्तीची गणितं सोडवत बसायचे. शिष्यवृत्तीची परीक्षा सातवीत देऊन झाली होती तरीही.

तरी मला जंगल बुक पाठ होतं. बघीरा, भालू, का अजगर, सगळे. कारण सोमवार.

सोमवारी छोट्या सुट्टीत आपल्या वर्गात तिसऱ्या बाकावर खेळ असायचा. खेळ करणारा एकटा. त्याचं नाव मी घेत नाही, तुम्ही सगळे आत्ताच त्याच्याकडे बघायला लागलात म्हणजे गरजही नाही. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर, वडिलांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून यायचा. तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असं एक तरी पोर होतं. पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ ला, आपण नववी-दहावीत असताना. आता माझ्या मुलीच्या शाळेत विचारलं तर पोलिओ म्हणजे दोन थेंब एवढंच मुलांना माहीत आहे. थेंब कशासाठी ते कोणी पाहिलेलं नाही.

तर तो तिसऱ्या बाकावर बसून काल काय झालं ते सांगायचा. सांगायचा म्हणजे करायचा. भालूचा जाड, दमलेला आवाज. अजगराचा श्वास सोडत येणारा आवाज. माकडांचा गलका एकट्याच्या तोंडून. आणि शेरखान. हिंदीत शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा, आणि हा पोरगा तो आवाज असा काढायचा की बाहेर व्हरांड्यात सर थांबायचे. तेरा वर्षांचं पोर, आवाज अजून कोवळा, पण नानांचं ते शब्द चावून फेकणं, मधेच थांबून समोरच्याला ताटकळत ठेवणं, सगळं बरोब्बर. त्यामुळे त्याचं नाव पडलं शेरखान. त्याला आवडायचं ते. वहीच्या पहिल्या पानावर त्याने तेच लिहिलं होतं.

आपल्या वेळी मुलं एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला, मधे एक रस्ता, आणि तो ओलांडायचा तर सरांनी बोलवावं लागे. त्यामुळे आम्ही मुली काही तिसऱ्या बाकाभोवती जमू शकत नव्हतो. आम्ही खिडकीपाशी डबा उघडल्यासारखं करून उभ्या राहायचो. तो मुद्दाम मोठ्याने बोलायचा. आमच्याकडे बघायचा नाही, पण खिडकीपर्यंत आवाज पोचेल एवढं मोठ्याने. शनिवार-रविवारची पोळीभाजी विसरून मी सोमवारच्या त्या दहा मिनिटांवर आठवडा काढायचे. माझं जंगल बुक ते.

आता इंजिनिअर असल्यामुळे मला एक खोड आहे. कुठलीही गोष्ट माझ्यापर्यंत कशी पोचली, मधे किती हात लागले, ते मी शोधत बसते. जंगल बुकचा रस्ता बघा. रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला, १८६५ साली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील तिथे शिकवायचे. पाच-सहा वर्षांचा असताना त्याला इंग्लंडला धाडला. मोठेपणी हा माणूस अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये राहत होता आणि तिथल्या बर्फात बसून त्याने सिवनीच्या जंगलाच्या गोष्टी लिहिल्या. १८९४ ला पुस्तक आलं. सिवनी म्हणजे आपल्या नागपूरच्या वरचं, पेंचचं जंगल. त्यातली वैनगंगा नदी तर पुढे आपल्याच भंडारा, गडचिरोलीतून वाहते. भालू, अकेला, बघीरा ही नावं त्याने इथल्याच बोलीतून उचलली. मोगली मात्र त्याने स्वतः बनवलेलं नाव. साहेबाच्या राज्याचा हा कट्टर भक्त होता, त्याबद्दल इतिहासाच्या बाई बोलू लागल्या तर माझी दहा मिनिटं त्यांना द्यावी लागतील, म्हणून तिकडे जात नाही.

मग जवळजवळ शंभर वर्षांनी जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन कंपनीने त्याची मालिका काढली. बावन्न भाग. तिकडे १९८९-९० मध्ये टीव्ही टोकियोवर दाखवली. ती आपल्याकडे दूरदर्शनने आणली, हिंदीत आवाज दिले. शीर्षकगीत मात्र जपानी ठेवलं नाही, नवीन केलं. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजची. तेव्हा विशाल भारद्वाज हे नाव आपल्यापैकी कोणाला माहीत होतं? आणि शेरखानला आवाज मुरूड-जंजिऱ्याच्या नानांचा.

म्हणजे मुंबईत जन्मलेल्या साहेबाने अमेरिकेतल्या बर्फात लिहिलेलं सिवनीचं जंगल, जपानी लोकांनी काढलं, दिल्लीने लावलं, कोकणातल्या माणसाने गुरगुरलं, आपल्या वर्गातल्या एका पोराने ते कानात साठवलं आणि सोमवारी खिडकीपर्यंत फेकलं. इतक्या हातांतून गेल्यावर आमच्या कामात डेटा ओळखू येत नाही. इथे उलट झालं. शेवटच्या हातात ते सगळ्यात चांगलं झालं. पण ते मला फार उशिरा कळलं. त्याच्या आधी मी काय केलं ते सांगायचं आहे.

आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याला मामाकडे गेलो होतो. मामाच्या कपाटात इंग्रजी जंगल बुक होतं, मुलांसाठी सोपं केलेलं नव्हे, मूळ. मी हट्टाने मागून घेतलं, मे महिन्यात परत करायच्या बोलीवर. डिक्शनरी घेऊन रोज एक पान. आठवीतल्या मराठी माध्यमाच्या मुलीला किपलिंग किती कळणार? पण पहिल्याच गोष्टीत एक शब्द असा आला की डिक्शनरी लागलीच नाही. शेरखानच्या आईने त्याचं नाव ठेवलेलं असतं लंगडी. तो एका पायाने जन्मापासून अधू असतो. म्हणून तो हरणं मारू शकत नाही, गावातली गुरं मारतो.

मी पुस्तक मिटलं. मला ते वाक्य वाचल्याबरोबर काय वाटलं ते मला चांगलं आठवतं. वाईट नाही वाटलं. हातात काहीतरी लागलं असं वाटलं.

त्याचं कारण असं की त्या वर्षी गॅदरिंगला आपल्या वर्गाचं जंगल बुक बसत होतं आणि निवेदनाचं काम त्याला मिळालं होतं. शेरखानचा आवाजही पडद्यामागून तोच देणार होता. चौथीपासून निवेदन मी करत आले होते. ते माझं होतं. माझं पाठांतर चांगलं, उच्चार स्वच्छ, आणि सरांनी त्याला निवडलं. बरोबरच निवडलं. मलाही ते कळत होतं, म्हणूनच जास्त राग आला होता.

सुट्टीनंतर इंग्रजीच्या तासाला सरांनी विचारलं, सुट्टीत कोणी काही वाचलं का? मी हात वर केला. सरांना कौतुक वाटलं, त्यांनी पुढे बोलावलं. मी गोष्ट सांगितली. लांडग्याची गुहा, मोगलीचं येणं, दारात उभा शेरखान. आणि मग मी थांबले. त्याच्यासारखंच थांबले, समोरच्यांना ताटकळत ठेवून. आणि म्हणाले, ‘खऱ्या पुस्तकात शेरखान लंगडा असतो. जन्मापासून. त्याची आईच त्याला लंगडी म्हणते.’

वर्गाने तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. एक जण हसला. मग बरेच हसले. सरांनी टेबलावर डस्टर आपटलं आणि मला म्हणाले, ‘बस खाली.’ सर, तुम्ही मला कधी तेवढ्या तुटकपणे बोलला नव्हता. तुम्हाला कळलं होतं. बाकी कोणाला नाही, तुम्हाला कळलं होतं.

मोठी सुट्टी होईपर्यंत शाळाभर झालं. शेरखान म्हणजे आता नाना पाटेकर नव्हता. त्याच्या पुढच्या सोमवारी तिसऱ्या बाकावर खेळ झाला नाही. आम्ही मुली खिडकीपाशी डबे घेऊन उभ्या होतो. तो डबा खात होता, बाहेर बघत. गॅदरिंगचं निवेदन त्याने सोडलं. सरांनी ते मला दिलं आणि मी केलं. तुमच्यातल्या काहींकडे त्याचा फोटो आहे, परवा ग्रुपवर आलाही होता. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, माईकसमोर. फार छान आलाय, असं तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत.

मी सॉरी म्हटलं नाही. आधी मुलाशी बोलायचं नाही म्हणून, नंतर दहावी म्हणून, नंतर गाव सुटलं म्हणून. कारणांना तोटा नसतो.

पुढची वर्षं पटकन सांगते. इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, मुलगी. २०१६ ला जंगल बुकचा नवा इंग्रजी सिनेमा आला, तो हिंदीतही होता. मुलीला घेऊन पुण्यात थिएटरला गेले. मुलगी पाच वर्षांची, पॉपकॉर्नमध्ये मग्न. भालू इरफान खान, बघीरा ओम पुरी, आणि अंधारात एकाएकी शेरखान बोलला, तर नाना पाटेकरच. तोच आवाज, तेवीस वर्षांनी. नानांचा आवाज मी शेकडो वेळा ऐकलाय, पण शेरखान म्हणून त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते, आणि माझ्या मनात आलं काय, तर हा आपल्या वर्गातल्या मुलाची नक्कल करतोय. मुलीने विचारलं, आई, तू घाबरलीस का? मी हो म्हटलं.

मग २०२०. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने रामायण, महाभारत पुन्हा लावलं आणि एप्रिलमध्ये जंगल बुकही. वडिलांची बंदी एव्हाना उठलेली होती. मी चाळिशीला आलेली बाई, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मोगली बघायला बसले. सोबत नऊ वर्षांची मुलगी. राहिलेले भाग यूट्यूबवर पाहिले. तिला पहिल्यांदा चित्रं जुनाट वाटली. ती म्हणाली, तोंड नुसतं उघड-बंद होतंय, ओठ हलत नाहीत. खरं आहे. जपानी टीव्ही मालिकांत सेकंदाला चोवीस चित्रं काढत नसत, पुष्कळदा एकच चित्र तीन फ्रेम चालवायचे, म्हणजे सेकंदाला आठ. धावण्याचं तेच दृश्य पुन्हा वापरायचं, झाडी तीच, नुसती मागे सरकवायची. आमच्यात याला कोड रियूज म्हणतात आणि त्याबद्दल बढती मिळते. पण पाचव्या-सहाव्या भागानंतर ती काही बोलेना. भाग संपला की मान न वळवता फक्त हात पुढे करायची, पुढचा लाव.

मी मात्र अस्वस्थ होत चालले होते. कारण मला आठवणारं जंगल बुक त्यात पुरतं सापडत नव्हतं.

माझी खोड सांगितलीच. मी एक्सेलची शीट केली. एका रकान्यात मला आठवणारे प्रसंग, एकतीस. दुसऱ्यात भाग क्रमांक. बावन्न भाग संपले तेव्हा बावीस प्रसंगांपुढे आकडे होते आणि नऊ कोरे. त्यातला सगळ्यात मोठा कोरा प्रसंग म्हणजे शेरखानचा. शेरखान भुकेला होऊन गावाच्या कडेला येतो, देवळात भजन चाललेलं असतं, तो बाहेर वडाखाली बसून ऐकतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आज एकादशी आहे. तो शिकार न करता परत जातो. वाटेत मोगली दिसतो, अगदी एकटा, आणि शेरखान त्याला म्हणतो, आज जा, उद्या बघतो.

हा प्रसंग मी मुलीला कितीदा सांगितला होता. सिनेमा बघून आल्यावरही ती विचारत होती, एकादशीचं कुठे गेलं? आता शीट समोर ठेवून विचार करायला लागले. किपलिंगने एकादशी लिहिली असेल? जपान्यांनी चितारली असेल? हसू नका. मला चाळिशीपर्यंत शंका आली नव्हती. आपल्यातल्या आणखी कितीजणांना आत्ता या क्षणापर्यंत आली नव्हती ते तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय.

या मेळाव्यासाठी समितीने आम्हा प्रत्येकाला फोन करायला दहा नंबर दिले. माझ्या यादीत सातवं नाव त्याचं. मी आधी बाकीचे नऊ केले. तो काय करतो ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत नव्हतं. पंचक्रोशीत कुठेही कुस्तीचं मैदान असो, यात्रा असो, गणपती असो, माईक त्याच्याकडे असतो. स्वतःचा साऊंड आहे, दोन पोरं हाताखाली आहेत.

मी फोन लावला आणि म्हटलं, ‘अहो, मी अमुक बोलतेय, शाळेतली.’

तो म्हणाला, ‘अहो काय म्हणतेस? शेवटी एकदा बोललीस, ते पण अहो?’

मेळाव्याचं बोलणं झालं. येतो म्हणाला. मग धीर करून मी एकादशीचं विचारलं. पलीकडे इतका हसला की फोन लांब धरावा लागला.

‘त्या रविवारी लाईट गेली होती गं. सुरू झालं आणि गेली. सोमवारी येऊन बघतो तर तुम्ही सगळे तोंड आ करून बसलेला. मुली खिडकीत उभ्या. आता काय सांगायचं? आदल्या दिवशी घरात एकादशी होती, आज्जीनं मला साबुदाणा दिला नव्हता, तेच डोक्यात होतं. घातलं.’

‘आणि बाकीचे आठ?’

‘लाईट काय एकदाच जायची का?’

मी हसले आणि हसता हसताच बोलून टाकलं. इंग्रजीचा तास, पुस्तक, लंगडी. निवेदन मला हवं होतं म्हणून बोलले, चुकून नव्हे. हे सगळं. तो ऐकत होता. मागे कुठेतरी माईक टेस्टिंग चाललं होतं, हॅलो, हॅलो, एक दोन तीन.

मग म्हणाला, ‘माझा आवाज फुटला होता गं तेव्हा. दिवाळीत फुटला. शेरखान काढायला गेलो की मधेच मांजर निघायचं. म्हणून सोडलं.’

मी तीस वर्षं धरून ठेवलेली गोष्ट त्याने अशी एका वाक्यात खाली ठेवली. मला ते खरं वाटायला हवं होतं. वाटलंही क्षणभर. मग तो म्हणाला, ‘पण तू बोललीस ते लक्षात आहे हं. लंगडीचं काय नाही, ते मला घरातले पण म्हणायचे, गल्लीतले पण म्हणायचे. मला राग आला तो निराळाच. मी तुला वर्षभर गोष्ट सांगितली. तू खिडकीत असायचीस, मला माहीत होतं, तुमच्यात टीव्ही नाही. आणि तुझ्याकडं अख्खं पुस्तक होतं. ते तू मला दाखवलं पण नाहीस.’

मी म्हटलं, अरे, तेव्हा मुलाला पुस्तक द्यायचं म्हणजे केवढा गोंधळ झाला असता.

‘दप्तरात टाकायचंस,’ तो म्हणाला. ‘मी कुणाला सांगितलं नसतं.’

यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. ते पुस्तक मामाचं होतं, ठरल्याप्रमाणे मे महिन्यात परत गेलं. मामा गेल्यावर त्यांची पुस्तकं कुठल्याशा वाचनालयाला दिली. मी चौकशी केली, सापडलं नाही. नवीन प्रत विकत आणता आली असती, हातात घेतलीही होती दुकानात. ठेवून दिली. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला ते देऊन मी काय करणार होते? त्याला ते तेराव्या वर्षी हवं होतं. लाईट गेली असती त्या नऊ सोमवारी, तर त्याच्याकडे पानं असती. अर्थात मग एकादशी आली नसती, हेही आहेच.

आवाज फुटला होता हे खरं की मला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, मला माहीत नाही. त्याच्याशी पुन्हा दोनदा बोलले, विचारलं नाही. आज सकाळपासून हा कार्यक्रम तोच पुढे नेतो आहे, तुम्ही ऐकताच आहात. माझी ओळख करून देताना त्याने मुद्दाम ‘उच्चार स्वच्छ’ असं म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं, ते तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नसेल.

हे सगळं चारचौघांत सांगू का, असं मी त्याला परवा विचारलं. तो म्हणाला, सांग, एका अटीवर. तुझी दहा मिनिटं झाली की माईक मला द्यायचा आणि एकादशीचा भाग मी करणार, तू मोडतोड केली असशील. दहाची चौदा मिनिटं झाली आहेत, तो कडेला उभा राहून मनगटावर बोट आपटतोय. माझी मुलगी तिथे मागे खिडकीपाशी बसली आहे, तिने मूळ भाग कधी ऐकलेला नाही.

घे रे माईक. मोठ्याने कर, खिडकीपर्यंत आलं पाहिजे.